पाचशे, असं लिहिलंय

कुशवाहा फोनवर विचारतो,
"जिज्जी, सप्लाय कौनसी है?"
जशी काही मीच ती विणली.

जिन्सी नाला नंबर दोन. ज्येष्ठातली दुपार.
शेजारचा कूलर लागला
की आमचा दिवा लिंबासारखा पिवळा पडतो.
तशातच काल, सरवटे वकिलांच्या शपथपत्रात,
तिसऱ्या पानावर, मशीन गेलं.
"मैं शपथपूर्वक" इथवर आलं होतं.

मागचे चार स्क्रू. त्यातला एक गंजका,
तो भाजीच्या सुरीनं निघाला.
डबा बाहेर ओढला तर धूळ, धूळ,
आणि जाळीत वाळलेली एक गांधीलमाशी.

पुष्करच्या कंपासपेटीतली पट्टी लावली.
रुंदी पंधरा. उंची साडेआठच्या जरा पुढे.
"मग साधीच. कंपनीवाली चपटी नाही," कुशवाहा म्हणाला.
मला उगाच बरं वाटलं.

प्लगची भोकं मोजली: वीस,
आणि कडेला चार,
पंगत बसल्यावर आलेल्या पाहुण्यांसारखी.
पिवळ्या तारा बाराच्या, लाल पाचच्या,
हिरवी एकटी, तिनं हाक मारायची,
आणि जांभळी,
बटण बंद असलं तरी जी जागी असते.
ती मी थोडा वेळ बोटांत धरून बसले.

आता लेबल.
वर ठसठशीत: पाचशे वॉट.
खाली मुंगीच्या पायांनी लिहिलेलं:
बारा व्होल्ट, चौदा अँपिअर.
चौदा बारे एकशे अडुसष्ट.
लाल धरल्या, नारिंगी धरल्या,
तरी पाचशे काही होईनात.
बाकीचे कुठे ठेवलेस, असं डब्याला विचारलं.

एकवीस वर्षं मी लोकांच्या शपथा टाइप करते,
चाळीस रुपये पान.
'सत्यापन' नेहमी तळाशी येतं,
सहीला चिकटून,
तोवर वाचणाऱ्याचे डोळे थकलेले असतात.

"हातात तोलून बघा," कुशवाहा म्हणाला,
"खरी असेल तर मनगट सांगेल."
तोलली.
शाळेतून परत आलेला जेवणाचा डबा,
तेवढीच.
मनगट काही बोललं नाही.

चिठ्ठी लिहिली, पुष्करबरोबर पडावला पाठवायला:
एटीएक्स. चोवीस पिनांची.
पाचशेची आहे

खोडलं.
पाचशेची म्हणवते.