चार पिक्सेलचा उंबरठा

ट्रॉन्हाइममध्ये डिसेंबरात अडीच वाजताच दिवे लागतात.
निदेल्वाच्या पाण्यावरून एक हिरवा ठिपका सरकतो,
मागची बोट दिसत नाही,
माझ्या स्क्रीनवरच्या बाणासारखा,
ज्याला कोण ढकलतंय ते कधीच दिसत नाही.

बारा वर्षं मी एवढंच करते आहे:
बोट खाली गेलं, बोट वर आलं,
मधल्या वेळात बाण कुठे हिंडला, त्याचा हिशोब.
तीन यंत्रणा, तिघींच्या तीन तऱ्हा.
एक उंची वरून मोजते, एक खालून,
तिसरी विचारल्याशिवाय बोलत नाही
आणि विचारलं की दोनदा बोलते.
मध्ये मी, दुभाषी. दोन्हीकडून शिव्या खाते.

क्लिक आली की आधी सगळ्यात वरच्या बटणाला विचारायचं,
ही तुझी का?
ते नाही म्हणालं तर ज्याच्या कुशीत ते बसलंय त्याला,
त्यानेही कानांवर हात ठेवले तर खिडकीला.
खिडकीनेही नाकारलेली क्लिक कुठे जाते?
हे मला रन्नवाइगने पहिल्याच आठवड्यात विचारलं.
कुठेच नाही, मी म्हणाले.
बरोबर आहे, ती म्हणाली, पण ग्राहकाला असं सांगू नकोस.

एक नियम मात्र मला मनापासून पटतो:
ज्याच्या अंगावर दाबलं, सोडल्याची बातमी त्यालाच.
बाण खिडकीबाहेर जावो, शेजारच्या पडद्यावर जावो,
सुटेपर्यंत तो त्याचाच.
(घटस्फोटाच्या वर्षी हा भाग मी दोनदा नव्याने लिहिला.
गरज नव्हती.)

परवा वार्डोहून पत्र आलं,
जिथे या दिवसांत सूर्य उगवतच नाही.
आइलिफ नेसेट, वय सत्त्याहत्तर, होड्या बांधणारा,
आता फक्त होड्यांचे आराखडे काढणारा.
'माझ्या हाताला कंप आहे. मी ठिपक्यावर दाबतो,
तुमचा प्रोग्रॅम म्हणतो, ओढलं.
काल कणा इतका सरकला
की ती होडी कॉफीच्या मगातही बुडेल.
मी काही ओढलेलं नाही. कृपया नोंद घ्यावी.'

कोड उघडला. किती हललं की ओढणं म्हणायचं?
चार पिक्सेल.
शेजारी औदुनची टीप: पुरेसं असावं.
तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता,
चालत्या बसमध्ये भरलेला कप थेंबही न सांडता नेणारा.

मी हातमोजे काढून पुलापर्यंत जाऊन आले.
उणे अकरा.
बोटं थडथडत होती तेवढ्यात माऊस धरला
आणि एका ठिपक्यावर दाबलं, फक्त दाबलं.
चारशे बारा, तीनशे.
चारशे पंधरा, तीनशे तीन.
चारशे नऊ, दोनशे अठ्ठ्याण्णव.
चारशे अठरा, तीनशे तीन.
आडवं अधिक उभं: सहा, पाच, नऊ.
प्रत्येक वेळी उंबरठा ओलांडलेला
आणि मी तर कुठे निघालेच नव्हते.

रन्नवाइग म्हणाली, सरसकट बारा केलेस
तर बारीक काम करणारे बोंब मारतील.
मग आकडा ज्याचा त्याने ठरवावा असं केलं.
एकोणीस ओळी, आणि तिसऱ्या यंत्रणेसाठी आणखी चाळीस,
कारण ती तिसरी यंत्रणा आहे.
आराखड्यांचा प्रोग्रॅम बनवणारे हे केव्हा उचलतील,
देव जाणे. त्यांना दोन पत्रं टाकली आहेत.
तोवर आइलिफला एक प्रत परस्पर पाठवली,
जी पाठवायची नसते.

आज उत्तर आलं:
'कणा जागेवर आहे.'
खाली सही, कागदावर केलेली, मग स्कॅन केलेली,
एकाही अक्षराला सरळ कड नाही.
मी सवयीने मोजायला लागले,
आडवं अधिक उभं,
तिसऱ्या अक्षरापाशी बोट उचललं.