दहा इंची

मोदी नंबर तीनमध्ये दुपारी दोनला
गिऱ्हाईक म्हणून फक्त आम्ही दोघं.
बाहेर सेहेचाळीस.
आत मोटवानीचा कूलर घरघरतोय
आणि त्या घरघरीत तो आम्हाला
खालचा आवाज ऐकवू पाहतोय.
जरा बंद करता का, मी विचारलं.
"कूलर?"
श्वास बंद करायला सांगितल्यासारखं त्यानं पाहिलं.

दोन होते.
एक नळकांडं, काळ्या कापडात गुंडाळलेलं,
कमरेएवढं, तोंड आभाळाकडे.
एक पेटी, कोपरे असे
की अंधारात नडगी फुटावी.
दोघांच्या पोटात तोच दहा इंची.

मोटवानी म्हणाला, गोल न्या.
गोलाला कूस नाही, फुगायला जागा नाही,
भिंती गप्प राहतात, बोलते ती हवा.
"चौकोनी ढोल पाहिला का साहेब कधी?"
"आणि गोल हार्मोनियम?" वैजयंती म्हणाली.
शिवाय पेटीवर कुंडी तरी ठेवता येते.

प्रफुल्ल डोंगरवारचा फोन आला,
मेट्रोचे खांब ओतून आलेला माणूस तो.
"विकत काहून घेतं बे? साइटवर पुठ्ठ्याचे नळे पडले हायेत.
त्यात सिमेंट ओततो आम्ही, तरी फाटत नाही,
तुह्या गाण्यानं फाटन का?"
इतवारीचे शेषराव बांते, आमचे सुतार,
रंधा न थांबवता म्हणाले,
"गोल लाकूड झाडालेच जमते बाप्पा.
माणसाले कोपरे."

शेवटी मोटवानीच वैतागला.
दोन्ही न्या, सोमवारी एक परत आणा.
ऑटोत नळकांडं माझ्या मांडीवर उभं,
पेटी वैजयंतीच्या पायाशी,
मानेवाड्यापर्यंत कोणी बोललं नाही.

खालचे उइके छिंदवाड्याला गेलेले.
म्हणून रात्री अकराला मी आवाज पूर्ण सोडला.
आधी गोल.
काय सांगू, खोली काठोकाठ भरली
आणि एक भांडं वाजलं नाही.
मी ठरवून टाकलं होतं.

तेवढ्यात बाबा उठून आले.
उमरेडच्या खाणीत एकतीस वर्षं सुरुंग लावले त्यांनी.
कानातलं वरचं सगळं गेलंय,
कुकरची शिट्टी, दारावरची बेल, नातीचं नाव घेणं.
आम्ही वीजबिलाच्या पाठीवर लिहून बोलतो.
त्यांनी नळकांड्याला तळहात लावला,
म्हशीच्या पोटाला लावावा तसा.
"बंद हाये का हे?"

मी वायर काढली, पेटीत घातली.
पेटी स्वस्तातली. आत आडवा टेकू नाही,
फळ्या थरथरतात, मोजणारा तिला नापास करेल.
बाबांनी हात ठेवला
आणि काढला नाही.

खाणीत ते असेच बसत म्हणे स्फोटानंतर,
तळवा जमिनीला लावून,
किती सुटलं, किती अडकलं, ते पाहत.

बऱ्याच वेळानं त्यांची दुसरी बोटं
गुडघ्यावर चालू लागली.
मागे पडत होती जरा, पण चालत होती.
"काय हाये हे?"
तबला, मी लिहिलं. नुसता तबला.
त्यांनी बिल लांब धरून वाचलं.
"डावा चांगला हाये," ते म्हणाले,
"उजवा दिसत नाही."

सोमवारी नळकांडं परत.
साहेब, पेटीच्या भिंती हलतात हां,
मोटवानी म्हणाला, मागाहून म्हणू नका.
माहीत आहे, म्हटलं.
कूलर चालूच होता, त्याला ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

उइके परतलेत.
दोनदा जिना चढून आले, एकदा चहा पिऊन गेले.
कुंडी अजून खाली, जमिनीवरच आहे.