तीन महिन्यांची साखर

केरबा पाडळकर, वय एकाहत्तर, वडणगे.
उपाशीपोटी आलेत, पहिल्या केएमटीनं.
बाही वर सारताना खांदा अडकतो,
मीच सोडवते बटण.
शीर सापडत नाही. मूठ आवळा, म्हणते.
मुठीवर जुने डाग, उडालेल्या पाकाचे,
कुठला कुठल्या हंगामातला
त्यांनाही सांगता येत नाही.

"गुळव्या हुतो," सुईकडे न बघता म्हणतात.
"काईल कवा उतरायची, डोळ्यानं कळायचं.
भेंडीच्या पाण्यानं मळी वर आली की काढायची,
मग फेस पिवळा, मग बुडबुडं जड,
मग थेंब गार पाण्यात टाकून बोटांत फिरवायचा.
गोळी झाली, उतरा.
एका इडीचा येळ गेला की गूळ काळा."
आणि चव?
"ती तर रोजच की, ताई."

दुपारी मशीन आकडा देतं : अकरा पूर्णांक दोन.
तोवर ते मार्केट यार्डात सौदे बघून आलेले,
न विचारता मला रव्याचा भाव सांगतात.
मी समजावते, रोजच्यासारखं :
रक्तातल्या पेशी तीनेक महिने जगतात,
साखर त्यांना चिकटते, सुटत नाही,
एका सकाळच्या उपासानं पुसली जात नाही.
तशीच ती कातडीत, खांद्यात,
डोळ्याच्या भिंगात साचत जाते,
माणूस वयाच्या आधी म्हातारा होतो.

"म्हंजी मंद जाळावरचा पाक," ते म्हणतात.
"चुलवाण तेवढं दिसत न्हाई."

अकरा वर्षं मी शाहूपुरीत रक्त काढते.
मला कुणी हे असं शिकवलं नव्हतं.

चिपाडाच्या जाळासमोर अनवाणी उभे राहायचे ते.
परवा चपलेतून खिळा आत गेला
तो सुनेला कळला,
फरशीवरच्या ठशांवरून.

जाताना खिशातून कागदाचा पुडा :
"पोराच्या गुऱ्हाळातला. तुमास्नी."
नको म्हणाले नाही.
चहात तीन चमचे घेणारी बाई
कुठल्या तोंडानं म्हणणार?
माझ्या नावाची ट्यूब
मी कितीदा लेबल लावून ठेवली, कितीदा फेकली.

सोमवारी ड्रॉवर उघडला.
पुड्यापासून रिपोर्टच्या पाकिटांपर्यंत मुंग्या.
रांगेत बोट आडवं ठेवलं,
सहज, गंमत म्हणून.
पहिली थांबली. हुंगलं तिनं.
मग वर चढली.