भोक क्रमांक एक्केचाळीस

टिपणीसबाईंच्या ग्रंथालयात पुस्तकं थोडी,
कार्डंच फार.
कोलशेत रोड, रंगांची कंपनी, एकोणसत्तर साल.
मी शिपाई. मिसरूडही धड फुटलं नव्हतं.

कार्डाच्या कडेनं भोकांची रांग,
एकेका भोकाला एकेक विषय.
कार्ड त्या विषयाचं असलं की बाई
तिकीट तपासनिसाच्या चिमट्यानं
भोकापासून कडेपर्यंत खाच पाडत.
मग गठ्ठ्यातून विणायची सुई आरपार,
उचलायची, हलवायची.
हवी ती कार्डं टेबलावर पडत,
बाकीची सुईला लटकून राहत.

बाबा खाडीवरून येऊन जाळं सांधत होते.
'हवी ती मासली सोरायची?
ही कसली जाली रं?'

बाईंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत,
वहीत टिपून घेतलं.
आडनाव उगाच नव्हतं.

एकदा एक जर्मन लेख मराठीत उतरवून
मला वाचून दाखवला.
'भोईर, हे तुला कधी लागलं
तर काय म्हणून मागशील?'
मला कशाला लागेल, बाई?
'समजा.'
झोंबणारं, म्हटलं.

शास्त्रीय नावाला बारावं भोक होतंच.
एक्केचाळिसावं त्यांनी 'झोंबणं'ला दिलं.
संशोधन विभागाचे साहेब म्हणाले,
ही काय संज्ञा झाली?
बाई म्हणाल्या, ज्याला झोंबतं त्याची.

बाहत्तरच्या मार्चात, रात्रपाळीला, फोन.
बाई घरी, खारकर आळीत. मी एकटा.
पलीकडून नुसता आवाज:
निळं पिंप, लेबल गेलंय, गणाच्या डोळ्यात,
झोंबतंय, लय झोंबतंय.

सुई घातली.
अकरा पडली.
त्या अकरांतून 'डोळे'.
एक.

बाईंचं अक्षर, मराठीत, माझ्यासाठी मोठं काढलेलं:
पाणी. पंधरा मिनिटं, थांबू नका.
चोळू नका. मलम नको.
मी फोनमध्ये ओरडून वाचलं, दोनदा,
तारखेसकट.

सकाळी बाईंनी रजिस्टर उघडलं.
प्रश्न: एक. वेळ: चार मिनिटं.
मग चष्मा काढून विचारलं,
'पहिला शब्द काय म्हणाला तो?'
निळं, म्हटलं.
त्यांनी रिकामं भोक शोधायला घेतलं.

आता तिथे सत्तावीस मजले आहेत.
कार्डं रद्दीत गेली, किलोवर.
सुई माझ्याकडे आहे.
वय झालं, बरंच लटकून राहतं आत.
कधी संध्याकाळी नुसतंच डोकं हलवतो,
काय खाली पडतंय बघतो.