दमलात

सोहार बंदरामागे पोर्टा केबिन नंबर चार.
सकाळी साडेसहाला टेपवर पियानो वाजतो
आणि आम्ही हेल्मेट काढून हात वर करतो:
बिजुमोन, रोनेल, सालेह बलुशी, मी.
समोर कुरामोची-सान, घामाने निथळत,
पण बाही कोपरावर चढत नाही.

मी वालावलकर.
ते म्हणतात वारावारुकारु-सान,
तोंडात गरम बटाटा फिरवल्यासारखं,
तरी एकही अक्षर गाळत नाहीत.
आधीच्या कंपनीत मी नुसता इंडियन होतो.

प्रत्येक ड्रॉइंगवर चार लाल शिक्के, पेराएवढे.
आपला जरा कलता मारायचा,
वरच्याच्या शिक्क्यापुढे मान तुकवल्यासारखा.
हे कोणी शिकवलं नाही. बघून बघून कळलं.

पाचला काम संपतं.
पाचला कोणी उठत नाही.
साहेब बसलेत, कसं उठायचं?
पंपांच्या यादीत मी एक स्वल्पविराम घालतो,
मग तोच काढतो.
रोनेल भरलेला स्टेपलर पुन्हा भरतो.
सात वाजता एकेक जण पँट्रीत सरकतो,
केबिनच्या वायफायवर घर लावतो.
कॅम्पवर नेट नाही.
कुडाळात मुलगी पाढे म्हणते,
एकोणीस सत्ते वर अडते,
मी इथून ढकलतो.

आठला ते उठतात. दारात तो शब्द:
ओत्सुकारेसामा.
शुभरात्री नाही, भेटू नाही.
अर्थ एवढाच, की दमलात.
दोन वर्षांत हे मला
दुसऱ्या कोणी म्हटल्याचं आठवत नाही.

मार्चमध्ये त्यांची बदली झाली.
शेवटच्या संध्याकाळी सालेहच्या थर्मासमधला कहवा,
आणि मी धीर करून विचारलं,
रोज आठपर्यंत काय काम असायचं?
ते कपात बघत राहिले.
म्हणाले, मी उठलो की कुलूप.
मग तुमचे फोन?

आणि तुम्ही का थांबायचात?

तुम्ही बसलेले असायचात, म्हणून.

सालेह एवढा हसला की कहवा सांडला,
पंपांच्या यादीवरच.

नवे साहेब चुणचुणीत आहेत.
पाचला दिवे बंद. काम तेवढंच होतं,
खरं सांगायचं तर थोडं जास्तच.
आम्ही फाट्यावरच्या चहावाल्याकडे उभे राहून
रेंज शोधतो, तुटक तुटक बोलतो.
बसमध्ये रोनेल खिडकीला डोकं टेकतो.
मी त्याला मराठीतच म्हणतो, दमलास.
त्याला कळतं.

मुलगी आता एकोणतिसावर अडते.