खांब नंबर तीन

बाई म्हणाली, नाही लावणार.
फिरत्या घराची निळा प्लग असलेली केबल तिच्या दंडावर,
हातात काडेपेटीएवढी डबी, तीन दिव्यांची,
त्यातला नको तोच दिवा लाल.

रास अल-हद्दला संध्याकाळी वारा समुद्रावरून येतो,
खांबांच्या झाकणांत बारीक वाळू भरून जातो.
खल्फानशेठ जीपमधून न उतरता म्हणाले,
आठ महिने झाले, सगळे लावतात,
फ्रिज चालतो, पंखा फिरतो, हिलाच काय होतंय?
मग माझ्याकडे वळून: डिगू, शूफ.
बघ.

बघितलं.
टेस्टरचं टोक न्यूट्रलला टेकवलं
आणि तिथं, जिथं काहीच नसायला हवं,
टेस्टरच्या पोटात केशरी दाणा पेटला.

खांब मीच जोडलेला.
कुडाळच्या आयटीआयत परबसरांनी
बोटांवर पट्टी मारून शिकवलं होतं:
लाल जाते, काळी परत येते, हिरवी जमिनीला.
तीस वर्षं हात हेच म्हणत आले,
मी मध्ये पडलो नाही.
पण ही केबल नव्या रंगांची.
तपकिरी, काळी, करडी, तिन्ही जाणाऱ्या,
परतणारी एकटी निळी.
रोज्यांचे दिवस होते, चोरून पाणी प्यायचं,
काळी दिसली आणि हातानं तिला
परतीच्या भोकात बसवून स्क्रू आवळला.
दिवा लागला.
दिवा कसाही लागतो. हेच तर वाईट.

खल्फानशेठना अर्ध्या हिंदीत, अर्ध्या अरबीत सांगितलं:
शेठ, बटण दाबलं की आपण म्हणतो बंद.
हिच्या गाडीत बटण एकच तार तोडतं.
तार उलटी असेल तर तुटतो तो परतीचा रस्ता.
येणारी येऊन बसलेली असते,
शेगडीच्या वेटोळ्यात, होल्डरच्या पितळेत, अंधारात,
कुणी 'बंद केलंय' म्हणत बोट घालेपर्यंत.

मग अर्थ आहे ना? ते म्हणाले.
आहे. वाळूत तीन सळया ठोकल्यात,
मीठ, कोळसा, शुक्रवारी बादलीभर पाणी.
कोरड्या वाळूत अर्थ लागत नाही.
हे आमच्या धंद्यातलं वाक्य आहे, दुसरं काही नाही.

मेन पाडला. अदलाबदल केली. चार मिनिटांचं काम.
बाईनं डबी पुन्हा लावली, चष्मा कपाळावर सरकवून वाचली,
मग केबल. तिचा फ्रिज घरघरला.
ग्वेन, म्हणाली, स्वतःकडे बोट करून,
आणि मला एक फार गोड बिस्किट दिलं.
ओरडली असती तर बरं झालं असतं.

सप्टेंबरात सलालाहून परतताना एक बाप-लेक इथं उतरले होते,
याच खांबावर, अशीच गाडी, चक्र उजवीकडे.
त्यांचा छतावरचा दिवा लुकलुकत होता.
बापानं बटण बंद केलं, स्टुलावर चढला,
आणि पोरीला माझ्याकडे पाठवलं, स्क्रूड्रायव्हर मागायला.
मी दिला.
अर्ध्या तासानं ती पळत आली, परत द्यायला.
स्क्रूड्रायव्हर दांड्याकडून पुढे केला, शिकवल्यासारखा,
म्हणाली, लागला.

काहीच झालं नाही.
आठ महिने काहीच झालं नाही, रोज रात्री, तीन नंबरवर.

शालनचा फोन आला, नऊला, नेहमीसारखा.
जेवलास? जेवलो. काम? चालू आहे.
इथं नऊनंतर दिवे लावत नाहीत,
कासवांची पिल्लं उजेडाला समुद्र समजतात.
अंधारात तिचा आवाज जवळ वाटला.
सांगितलं नाही. काय सांगणार,
न घडलेली गोष्ट?

मग टॉर्चला लाल कागद गुंडाळला,
तीन नंबरचं झाकण उघडलं,
आतल्या बाजूला मार्करनं लिहिलं,
मराठीत, कारण वाचायचं मलाच होतं:
काळी जिवंत आहे.

आणि चार नंबरकडे गेलो.