सात नंबर

गंगावेशीत अत्तारांच्या दुकानात
चार आण्याला एक गोळी मिळायची,
गुलाबी, दगडासारखी,
आणि गोळीच्या पाठीला चिकटलेलं एक जहाज.

गोळी आम्ही थुंकायचो.
जहाज चड्डीवर पुसून वहीत.

अठ्ठेचाळीस होती म्हणे.
समुद्र आमच्यातल्या कुणीच बघितला नव्हता.
रंकाळ्याला दोन फेऱ्या मारून
बंदर कुठं होईल ती जागा तेवढी ठरवलेली:
संध्यामठाच्या बाजूला,
म्हशी धुतात त्याच्या जरा अलीकडं.

भाव पक्का होता.
एक पाणबुडी म्हणजे तीन मालवाहू.
बर्फ फोडणारं पाहिजे असेल
तर पाणबुडी, वर एक भोवरा, जाळीसकट.
दवाखान्याचं जहाज कुणी घरी नेत नव्हतं,
नेलं की घरात कोणतरी झोपतंय
असं पद्माकर उपाध्येचा थोरला भाऊ सांगायचा,
आणि त्याला खरंच कावीळ झाली होती.
सात नंबर मात्र फुकटातसुद्धा खपायचा नाही.
ओढबोट.
बुटकी, काळ्या धुराड्याची,
मागं दोर, आणि दोराच्या टोकाला
चित्राच्या बाहेर राहिलेलं काहीतरी.

वहीतला सोडून
माझ्याकडं एकतीस सात होते.

एकोणतीस कुणाकडंच नव्हता.
कंपनीनं छापलाच नाही, पद्माकर म्हणायचा.
कासीम म्हणायचा, छापलाय,
पण सगळे मिरजेला उतरवून घेत्यात.
अत्तारचाचा बरणी हलवायचे,
"बघ, आज निघंल."
रोज तेवढंच, तेवढ्याच खात्रीनं.

वडील उद्यमनगरात टर्नर.
एका रविवारी डबा घेऊन गेलो
(त्यांची सुट्टी सोमवारची)
तर लेथ थरथरत होता, एक पाय तोकडा.
त्यांनी पत्र्याचा तुकडा घातला, जाड झाला.
कागद घातला, दबला.
मग माझ्या खिशाकडं बघितलं.
मी दिला तो सात.
मायक्रोमीटरच्या तोंडात धरून
एक डोळा मिटून म्हणाले, "चाळीस."
मग म्हणाले, "आणखी एक आहे?"

आणखी एक!

दोन्ही त्या पायाखाली गेले.
वडील हाताला कॉटनवेस्ट पुसत म्हणाले,
"बरोबर बसलंय."
माझ्या नादाबद्दल आयुष्यात
ते एवढंच बोलले.

परवा एकोणतीस आला.
नागपूरच्या एका निवृत्त पोस्टमास्तरांकडून,
साडेआठशे रुपये, कुरिअर वेगळं,
दोन पुठ्ठ्यांच्या मधी, वर्तमानपत्रात,
वर त्यांच्याच अक्षरात: वाकवू नये.
मी हात धुतले. परत धुतले.
गाळ उपसणारं जहाज निघालं.
चिखलाच्या रंगाचं, चिखलात उभं.
मागं बारीक अक्षरात
हे जहाज कुठेही जात नाही,
बंदराचे तोंड मोकळे ठेवते,
आणि खाली कंपनीचा पत्ता, जो आता नाही.

वहीत ठेवलं. अठ्ठेचाळीस झाली.
पद्माकरला फोन लावला, तो मीटिंगमध्ये होता.
कासीमचा नंबर आहे,
पण उचलायला कासीम नाही.
चहा गार झालेला, तोच प्यायलो.

सुलभा म्हणाली, "मग आता ते एकसारखे
टाकायचे ना?"
मी रबर काढून मोजायला बसलो.
कुठल्यावर शाईचा डाग, कुठल्याचा कोपरा चावलेला,
एकावर माझ्याच अक्षरात तारीख आणि
"आज पण नाही."
एकोणतीस भरले.

उरलेले दोन कुठं आहेत ते मला माहीत आहे.
गेल्या दिवाळीच्या आधी लेथ भंगारात गेला.
शिरोलीहून क्रेन आली,
साखळी ताणली, पाय सुटले,
आणि खाली फरशीवर
तेल पिऊन काळा पडलेला एक चौकोन राहिला.
नखानं खरवडलं. धुराडं दिसलं.
नवा भाडेकरू ब्रश घेऊन उभा होता,
"काढू का घासून, काका?"

राहू दे, म्हटलं.
बरोबर बसलंय.